कपाळातली गोळी

त्या साली महाराष्ट्र दिनाला जामखेडात सत्काराचा मोठा घाट घातला होता. बांगलादेशची लढाई संपून जेमतेम पाच महिने झाले होते. तालुक्यातला एक पोरगा त्या लढाईत कामी आला होता आणि त्याला शौर्याचं पदक मिळालं होतं. लढला पोरगा, पण भाषणं ठोकायला गावोगावचे पुढारी पुढे. ऊन डोक्यावर आलं तरी एकेकाचा माईक सुटत नव्हता. शेवटी कुणाला तरी त्या पोराच्या आईची आठवण झाली. तिला वर बोलावून लुगडं-नारळ दिला, पदक हातात ठेवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे बायकांत बसलेल्या कडूबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नुसती त्या बाईच्या हाताकडे बघत राहिली.

परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून तिनं शेजारच्या आसारामाला विचारलं, "आसारामा, आपल्या मच्छिंद्राला का रं न्हाई भेटलं असलं काही?"

चोवीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"त्या टायमाला कुनी अर्ज न्हाई केला, मावशे."

"मग आता कर की. उशीर झाला म्हनून का त्याचं मरान खोटं हाय?"

आसाराम आणि मच्छिंद्र एका आळीतले, एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. अठ्ठेचाळीस साली काश्मिरात गेले दोघे आणि परत आला एकटा आसाराम. गावच्या शिवेवर उतरल्यापासून कडूबाईच्या दारापर्यंत त्यानं मनात एकच वाक्य घोकलं होतं, आणि तेच तिला सांगितलं होतं. कपाळात गोळी लागली, मावशे. उभ्याचा आडवा झाला. त्याला कळलंसुदिक न्हाई.

कडूबाई रडली, पण त्या वाक्याला धरून रडली. नवरा आधीच गेलेला, पोटाला एवढा एकच पोरगा. ती वेडी होईल असं गावाला वाटलं होतं, तशी ती झाली नाही. पुढे गावात कुणी गेलं, कुणी खाटेवर महिनोन्महिने कुजून गेलं, की तिथे जाऊन बसायची आणि म्हणायची, "माझ्या मच्छिंद्राला देवानं बेस नेला बाई. पापनी लवायच्या आत. तेवढं तरी केलं देवानं." हे तिनं किती जणींना सांगितलं असेल त्याची गणती नाही. ऐकून ऐकून गावातल्या बायकांना ते पाठ झालं होतं. आसाराम तिथे असला की तंबाखू मळत खाली बघायचा.

तिचं रान आसारामानंच कसलं, पेरलं, राखलं. रोज सकाळी तिच्या रांजणात दोन घागरी ओतल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. त्याची बायको रंगुबाई थट्टेनं म्हणायची, की माझ्या सासूबाई वारल्या म्हणून सुटले म्हटलं, तर ह्यांनी दुसरी शोधून ठेवलेली. कडूबाई खरोखर त्याची आईच झाली होती, आणि ते सगळं त्या एका खोट्यावर उभं होतं. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

महिनाभर त्यानं टाळाटाळ केली. कडूबाई काही पिच्छा सोडेना. अखेर तो नगरला माजी सैनिकांच्या कचेरीत गेला. तिथे राधाकृष्ण नावाचा एक चष्मेवाला कारकून होता. तोही कधीकाळी फौजेत नाईक होता, म्हणून त्यानं आसारामाला बसायला खुर्ची दिली आणि चहा सांगितला. "बोला, कसं काय झालं?"

आसाराम बोलला. म्हणजे चोवीस वर्षांच्या सवयीनं तेच बोलला. कपाळात गोळी लागली, जागच्या जागी गेला.

राधाकृष्णानं लेखणी खाली ठेवली. "गडी गेला, वाईट झालं. पण कपाळात गोळी लागून माझेही चार दोस्त गेलेत. त्याला पदक नसतं, आसारामजी. मेला कसा ते नको, त्यानं केलं काय ते सांगा."

आसारामानं कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं.

सकाळी अकराच्या सुमाराला टेकडी चढताना मच्छिंद्राच्या पोटात गोळी लागली. तो उघड्यावर पडला आणि बाकीचे अकरा जण खाली खडकांच्या आड अडकले. वरची मशीनगन कुठून मारतेय ते खालून कुणालाच दिसत नव्हतं. पडल्या जागेवरून ते दिसत होतं फक्त मच्छिंद्राला. पोट हातानं दाबून तो ओरडून सांगत राहिला, डावीकडं, अजून वर, त्या फुटक्या कड्याच्या मागं. त्याच्या सांगण्यावरून आपल्या उखळी तोफा नेम बदलत होत्या. तो ओरडला की वरून त्याच्यावरच गोळ्या यायच्या, तरी तो ओरडायचा. तीन तास. दोन वाजता मशीनगन बंद पडली. चारच्या सुमाराला मच्छिंद्र गेला. अकराच्या अकरा जण जिवंत परतले ते त्याच्यामुळे.

राधाकृष्णानं चष्मा काढून पुसला. "अहो, मग ह्याला नाही तर पदक द्यायचं कुणाला? हे इतकी वर्षं पोटात ठेवलं तुम्ही?"

"त्याच्या आईला मी दुसरं सांगितलंय."

राधाकृष्णाला ते कळलं, पण त्याचा इलाज नव्हता. डोळ्यांनी पाहणाऱ्याचा जबाब हवा, तो पुरा हवा, आणि त्याखाली मृताच्या वारसाचा अंगठा हवा, तलाठ्यासमोर, 'वाचून दाखवले, समजले' असा शेरा मारून. "इतक्या उशिरा वर मानतीलच असं काही नाही," तो म्हणाला. "पण जाऊ द्या अर्ज. असा माणूस कागदावर तरी यावा."

आसारामानं एसटीत बसून हिशेब मांडला. आजवर तलाठ्यानं कुणाला कागद वाचून दाखवलाय? बोट धरायचं, शाईवर टेकवायचं, कागदावर दाबायचं, चल पुढचा. म्हातारीचा अंगठा उठेल, पदक येईल, आणि तिच्या कानाला काही लागायचं नाही. मच्छिंद्राचं देणं फिटेल, म्हातारीलाही धक्का नाही. बिचाऱ्याला वाटलं, जमलं. सरकारी माणसाच्या आळसावर एवढा भरवसा त्याआधी कुणी टाकला नसेल.

चावडीत तसंच घडायला लागलं होतं. तलाठ्यानं कागदाकडे पाहिलंही नाही, शाईची डबी पुढे सरकवली. "हं, आजीबाई, अंगठा."

कडूबाईनं हात पदराखाली घेतला. धुतलेलं लुगडं नेसून आली होती ती, आणि एकटी नव्हती. शेजारच्या बनुबाईला आणि साळूबाईला मुद्दाम बोलावून आणलं होतं. "वाचा की, अण्णासाहेब. जल्मभर न वाचता अंगठे दिले म्या. ह्यो माझ्या लेकाचा कागद हाय. ह्या बायास्नी बी ऐकू द्या."

"मावशे, उगं त्यांचा येळ कशाला," आसाराम घाईनं म्हणाला. "मी सांगतो की तुला घरी गेल्यावर."

"तू नगं. सरकारानं वाचावं."

तलाठी कंटाळला, पण वाचू लागला. सातबारा वाचतात तशा आवाजात. "सदर जवान यास सकाळी अकराचे सुमारास पोटात गोळी लागून तो उघड्यावर पडला. सदर जवान तशाही स्थितीत सुमारे पाच तास जिवंत होता."

"थांबा," कडूबाई म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा वाचताय तुमी. माझ्या मच्छिंद्राला कपाळात लागली हुती."

तलाठ्यानं नाव पाहिलं, गाव पाहिलं. "तुमचाच आहे."

ती आसारामाकडे वळली. त्यानं मान वर केली नाही. बनुबाई आणि साळूबाई एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ते पापणी लवायच्या आतलं मरण त्यांनीही दहा ठिकाणी सांगितलं होतं.

"वाचा पुढं," कडूबाई म्हणाली.

तिनं सगळं ऐकलं. पोट दाबून ओरडणं ऐकलं, तीन तास ऐकले, वाचलेले अकरा जण ऐकले. मग कुणी न सांगता अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. चावडीतून बाहेर पडल्यावर बायांना तिनं पुढे जायला सांगितलं आणि लिंबाच्या पारावर बसली.

"दोनला गन बंद पडली म्हनं. चारला त्यो गेला. मधी काय करीत हुता?"

हे कागदावर नव्हतं. इथे आसाराम पुन्हा खोटं बोलू शकला असता, पण त्याच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"हाका मारीत हुता."

"कुनाला? मला?"

"मला, मावशे. आसाराम, ये रं, म्हनत हुता."

"आन तू?"

"समूरच्या डोंगराच्या धारंवर दुश्मनाचे बंदूकवाले हुते. दिस बुडस्तवर कुनी हलायचं न्हाई, असा हुकूम हुता हवालदाराचा." तो थांबला. "आन मला भ्या वाटत हुतं. साठ पावलं हुती. मी न्हाई गेलो."

कडूबाई ओरडली नाही, तिनं शिव्याशाप दिले नाहीत. दिले असते तर आसारामाला सोसलं असतं. "ऊन लई झालं," म्हणाली आणि उठून घराकडे चालू लागली.

त्या वर्षी पावसानं पाठच फिरवली. विहिरी आटल्या, गावची निम्मी माणसं खडी फोडायला गेली, निम्मी कारखान्याच्या वाटेला लागली. आसाराम दोन मैलांवरून पाणी आणून कडूबाईचा रांजण भरत राहिला. ती त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं. श्रावणात आळीतला एक म्हातारा वारला, तेव्हा ती तिथे गेली, कोपऱ्यात बसली आणि काही न बोलता उठून आली. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आसारामाला ते रंगुबाईनं सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

दिवाळी होऊन गेल्यावर कचेरीचा लिफाफा आला. चार ओळी होत्या. त्या लढाईतल्या पदकांच्या शिफारशींची मुदत फार पूर्वीच संपली आहे, सबब अर्जाचा विचार करता येत नाही, कळावे. खाली राधाकृष्णानं आपल्या हातानं लिहिलं होतं, मला वाईट वाटतं.

आसारामानं पत्र तसंच्या तसं तिला वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही.

"म्हंजे न्हाई देत."

"न्हाई, मावशे."

"असू दे." ती जात्याशेजारी बसली होती. हाताशी काही काम नव्हतं, तरी हात पदराशी चाळा करत होते. "आसारामा, तुझा राग न्हाई रं मला. तू गेला आस्तास तर तू बी तिथंच ऱ्हायला आस्तास, मग माझ्याकडं बघितलं कुनी आस्तं? हे समदं मला कळतं. पर तू दारात आलास की मला त्याची हाक ऐकू येती. पयलं तुझ्या तोंडाकडं बघून गार वाटायचं. आता येगळंच हुतं. तू येत जाऊ नगंस."

आसारामानं पत्राची घडी केली, ती कुठे ठेवावी ते न कळून टोपीत ठेवली, आणि "बरं" म्हणून तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून कडूबाईचं पाणी रंगुबाई भरू लागली. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा आसाराम अंगणात बसून होता. सकाळपासून त्यानं भाकरीला हात लावला नव्हता.

"काय म्हनली?"

रंगुबाईनं घागरीखालची डोक्यावरची चुंबळ खुंटीला अडकवली. "काय न्हाई. आसाराम जेवला का, इचारीत हुती."

मग मात्र आसारामाला रडू आवरलं नाही. पन्नाशीला टेकलेला तो गडी अंगणात सगळ्यांच्या देखत लहान पोरासारखा रडला, आणि रंगुबाई त्याला गप्प करायला गेली नाही.