जेवढा हात तेवढा ताणा

“सात? सात गामोशांचा ताणा एकदम?” पेहीने सुपारीची फोड ओठांशीच थांबवली. “अगं जेउती, फेरीच्या घाटावर तिकिटं फाडून तू घरी येतेस तेव्हा कोंबड्या झोपलेल्या असतात. विणणार कधी?”

जेउती बांबूच्या खुंट्यांभोवती ताण्याचं उभं पांढरं सूत फिरवत राहिली. “होईल, पेही. बिहूला अवकाश आहे.”

“तो दर वर्षीच असतो.”

पेही म्हणजे देउतांची, जेउतीच्या वडिलांची, धाकटी बहीण. कुंपणापलीकडेच राहायची. तिच्या जिभेला चुना जरा जास्तच लागलेला. पण आज ती लगेच उठली नाही. मागाच्या लाकडावर हात ठेवून गेलेल्या वहिनीचं, जेउतीच्या आईचं, जुनं गाणं गुणगुणली:

*जेवढा हात तेवढा ताणा, जेवढा दिवस तेवढं सूत,*
*उरल्या धाग्याला, बाई, वाऱ्याचं लागतं भूत.*

“तुझी आई एका वेळी दोनच ताणायची. आणि तिला घाटावर जायचं नव्हतं.”

जेउतीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईला दोन पुरत होते. आईच्या नावावर खोटं नव्हतं.

बोहाग बिहूला, नव्या वर्षाच्या सणाला, घरातल्या थोरांच्या गळ्यात आपल्या हातचा गामोसा, मागावर विणलेला पंचा, घालायचा. पांढरं अंग, लाल किनार. जेउती दर वर्षी मोठा बेत करी आणि दर वर्षी बिहू दारात येई तेव्हा मागावर अर्धवट सूत लोंबत असे. गेल्या वर्षी तिने बाजारातून यंत्रावरचा आणला, घडी दिसू नये म्हणून हाताने चुरगळला, आणि देउतांच्या गळ्यात घालताना म्हणाली, “विणला कसाबसा.”

देउतांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला. त्यांच्या बायकोने जन्मभर विणलेलं त्या बोटांनी वापरलं होतं. मग तोच गळ्यात घालून ते गावभर हिंडले, “माझ्या पोरीने विणला,” म्हणून सांगत. पहिल्याच घामाला लाल रंग सुटला आणि सदऱ्याची कॉलर गुलाबी झाली.

“दादाला कॉलर शोभते हं!” पेही विहिरीवर चार बायकांत म्हणाली होती. ते हसू जेउतीच्या कानातून वर्षभर गेलं नाही.

म्हणून यंदा सात. देउतांना, पेहीला, गुवाहाटीच्या भावाला, भावजयीला, घाटावरच्या थोरल्यांना. सगळ्यांवर फुलं. कोणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. देउतांचा सगळ्यांत शेवटी. तोवर हात बसलेला असेल.

हात बसला नाही. पहिल्याच गामोशावरचं फूल तिने विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. चैत सरत आला, बिहू तोंडावर आला, तरी ती त्याच फुलात अडकलेली.

एके दिवशी वारा सुटला, नदी खवळली आणि फेरी बंद झाली. जेउती दुपारीच घरी आली. मागच्या पुखुरीच्या, घरच्या तळ्याच्या, पायरीवर देउता उकिडवे बसले होते. हातात लिंबाची फोड, गुडघ्यावर सदरा. कॉलर घासत होते. बाजूला वाळलेल्या सालींचा ढीग. यंदा अंगणातल्या झाडाला लिंबू का टिकत नाही, याचा ती किती दिवस विचार करत होती.

“देउता? मला द्यायचा ना धुवायला.”

त्यांनी सदरा पाठीमागे घेतला, बोरं चोरलेल्या पोरासारखं. “काही नाही गं, मैना. पान सांडलं.”

पान सांडतं ते छातीवर. मानेमागे नाही.

ती मागावर येऊन बसली. फूल उसवलं. यावेळी ते पुन्हा विणलं नाही. आता पहिला देउतांचाच. नुसतं पांढरं अंग आणि साधी लाल किनार. रोज घाटावर निघण्याआधी वीतभर, त्याहून जास्त मनात आणायचं नाही. हात नवखा तो नवखाच. किनार एके ठिकाणी वाकली. उसवायला वेळ नव्हता. तिने ती तशीच राहू दिली.

बिहूच्या आदल्या सांजेला तिने पातं घेतलं आणि ताणा मध्येच कापला.

“अगंबाई!” पेही कुंपणावरून ओरडली. “सहांचं सूत लोंबत ठेवून? वहिनीने पाहिलं असतं तर?”

“ओरडली असती,” जेउती म्हणाली.

सकाळी देउता न्हाऊन पिढ्यावर बसले. तिने पानसुपारी आणि तांदळाचा गरम पिठा पुढे ठेवला, गामोसा गळ्यात घातला. तो थोडा तोकडाच होता. देउतांनी दोन बोटांत चोळून पाहिला. बोटं तिथेच थांबली.

पेही पुढे वाकली. “किनार वाकडी की गं ही!”

“यंदा घाटावर काम फार होतं तिला,” देउता पटकन म्हणाले. “गेल्या वर्षीचा पाहिलास ना? कसा सरळ होता!”

पेहीने तोंड उघडलं. भावाकडे पाहिलं आणि नुसतंच पान चघळू लागली.

जेउतीने देउतांच्या पायांवर डोकं टेकवलं. रीतीपुरतं टेकून उठायचं असतं. तिला मान वर करता येईना.

“ऊठ, मैना,” देउता म्हणाले. “पिठा थंड होतोय.”

दिवसभर ढोलाच्या मागे फिरून ते संध्याकाळी घामाने निथळत आले. अंगणात उभं राहून सदरा काढला, कॉलर उलटी करून उजेडात धरली. लिंबाच्या झाडाशी न थांबता सरळ पुढे आले आणि सदरा तिच्या हातात दिला.

“हा तुझ्या धुण्यात टाक गं.”