पुजारिणीची वाटी

टेबलावर तीन वाट्या, सात फासे आणि बोटाएवढे तीन पुतळे होते. दादाच्या तलवारबाजाच्या वाटीत लाल मणी एक. वहिनीच्या चोरटीच्या वाटीत चार. ताईच्या पुजारिणीच्या वाटीत दोन लाल, आणि बाजूला शेवटचा पांढरा. लाल म्हणजे प्राण. पांढरा म्हणजे प्रार्थना. ज्याच्या वाटीत टाकाल त्याला तीन प्राण परत.

आईने अंथरूण धरल्यापासून खेळ ताईच्याच घरी व्हायचा. नियम दादाचा होता: ज्याचं पात्र मरेल त्याने उठून आईजवळ बसायचं, बाकीच्यांनी खेळ पुरा करायचा. मग त्याने स्वतःसाठी चिलखतवाला तलवारबाज घेतला आणि तिला पुजारीण दिली. "सेवा तुझ्या अंगातच आहे," म्हणाला. दर खेळात ती इतरांना वाचवून मरत आली होती. एकाही गोष्टीचा शेवट तिने पाहिला नव्हता. आजचा तिला पाहायचा होता.

"राक्षस तलवारबाजावर धावून येतोय," खेळ चालवणारा धाकटा म्हणाला. "ताई, तुझी पाळी."

"त्यात विचार कसला?" दादाने वाटी पुढे सरकवली. "टाक मणी."

तिने पांढरा मणी आपल्या वाटीत टाकला.

"अगं, चुकून तुझ्यात पडला."

"चुकून नाही."

"देवी कोपली वाटतं आज," वहिनी हसू दाबत म्हणाली.

धाकट्याने तीन लाल मणी तिच्या वाटीत घातले आणि राक्षसाचा वीस बाजूंचा फासा टाकला. सतरा. तलवारबाज आडवा झाला.

"खेळातसुद्धा आपलं-परकं करतेस," दादा म्हणाला आणि पाय ओढत आत गेला.

तिने फासा टाकला. राक्षस मागे हटला. गुहेच्या टोकाचं दगडी दार किंचित उघडलं.

"पलीकडे काय आहे रे?"

"सांगतो, सांगतो. दम धर."

तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. "आई तुलाच बोलावतेय. मला तर ओळखही देत नाही. जा तू. तुझी पुजारीण मी सांभाळतो."

धाकट्याने मान खाली घातली. ती उठली.

आई गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. पलंगाशेजारच्या खुर्चीवर तिने सकाळी रचलेली कपड्यांची चळत जशीच्या तशी होती. दुसरी खुर्ची खोलीत नव्हती. कपाळावरची पट्टी वाळून कडक झाली होती. तिने ती भिजवून पुन्हा ठेवली आणि थर्मामीटर आईच्या काखेत लावला.

बाहेर फासे वाजत होते. "घाल तिला पुढे," दादा सांगत होता. "पाच प्राण आहेत की अजून."

ताप एकशे एक पॉइंट चार होता. आईला उठवून गोळी देऊन ती बाहेर आली तेव्हा पुजारिणीच्या वाटीत एकही मणी नव्हता.