कोबीच्या शेतातला तलाव

आबांच्या कोबीला बारा दिवस पाण्याचा थेंब नव्हता, आणि सरकारी पत्र म्हणत होतं की आबांच्या शेतात तलाव आहे.

"जमिनीवर जलसाठा आढळल्याने पीक अनुदान रोखले आहे. तपासणीत पीक सिद्ध न झाल्यास पाच वर्षे अर्ज करू नये." पत्र संपलं. विहिरीवरची मोटर जळून बसली होती. दुकानदाराने एक नवी राखून ठेवली होती खरी, पण आज संध्याकाळपर्यंतच, आणि अनुदान मंजूर झाल्याचा मेसेज दाखवायच्या बोलीवर. मेसेज नाही तर मोटर नाही, मोटर नाही तर कोबी गेलाच म्हणून समजा.

तपासनीस साहेब अकराला आले. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, हातात खोली मोजायची त्यांच्याहून उंच काठी.

"साहेब, वाट चुकलात का?" आबांनी विचारलं.

"तलावाची तपासणी आहे. जॅकेटशिवाय उतरायचं नाही, नियम आहे."

"पण पाणी कुठंय?"

"ते मी नाही ठरवत. ते वरून दिसलंय." साहेबांनी आकाशाकडे बोट केलं आणि ते कोबीच्या गड्ड्यांमधून तोल सांभाळत शेताच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

बांधावरून काकू, म्हणजे आबांची बायको, ओरडल्या, "साहेब, बुडायला लागलात तर हाक मारा हो! एखादा गड्डा फेकते, धरून तरंगा."

"तू गप बस गं," आबा दात खाऊन पुटपुटले. "चेष्टेने अनुदान जाईल."

साहेबांनी काठी रोवली, टॅबवर लिहिलं आणि कपाळाला हात लावला. "खोली शून्य घेतच नाही. अर्ध्या मीटरच्या खाली फॉर्म पुढे सरकत नाही."

"मग लिहा ना, तलाव नाही!"

"तसा पर्याय नाही. 'तलाव आहे' किंवा 'तलाव आटला'. दोनच. आणि खोटं मी लिहीत नाही, आजवर लिहिलेलं नाही."

आबांची पाच वर्षं एका प्रामाणिक माणसापायी जाणार होती.

"वरून काय दिसलं ते तरी दाखवा की," काकू म्हणाल्या.

साहेबांनी फोटो दाखवला. हिरव्या पट्ट्यांमध्ये निळंशार चौकोनी पाणी. काकूंनी टॅब नाकाशी नेला आणि खदखदून हसायला लागल्या.

"अहो, ही आपली ताडपत्री! गारा पडणार म्हणून कोबीवर घातली होती नाही का, तीच! हा बघा उंदराने कुरतडलेला कोपरा."

साहेब गंभीर झाले. "म्हणजे तलाव होता. ताडपत्रीचा, पण होता. आणि आता नाही. मग तो आटला. फक्त आटण्याआधीचा आणि नंतरचा फोटो लागतो, एकाच जागेवरून."

आबा एवढे धावले की एक चप्पल चिखलात राहिली असती, पण चिखल व्हायला पाणी कुठे होतं! नवराबायकोने ताडपत्री कोबीवर पसरली. साहेबांनी फोटो काढला. "आता आटवा," ते म्हणाले. दोघांनी ताडपत्री गुंडाळली. दुसरा फोटो.

"आटायला लागलेला वेळ?" साहेबांनी वाचलं.

"चार मिनिटं," काकू म्हणाल्या.

"कारण?"

"घडी घातली."

साहेबांनी 'इतर' निवडलं. टॅबवरचं चक्र बराच वेळ गरगर फिरलं. आबा मान वाकडी करून टॅबमध्ये डोकावले. मग त्यांच्याच खिशातला फोन किणकिणला: जमीन लागवडीखाली, अनुदान मंजूर.

आबांनी दुकानदाराला फोन लावला. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं, आणि आबा बाहीने डोळे पुसत होते. काकूंनी फोन ओढून घेतला.

"मोटर गाडीत चढवायला घ्या," त्या म्हणाल्या. "आमचे हे येतायत. हो हो, आलाय मेसेज! रडतायत जरा, पण येतायत."