फोटोत नसलेला

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला मी. अख्ख्या गावाचे फोटो काढले. आणि माझ्या सख्ख्या आईला मुलं किती विचारलं, तर ती एक बोट वर करते. ते बोट धाकट्याचं. मला ती अहो-जाहो करते, बसा म्हणते, पाणी विचारते.

आईची आठवण दोन वर्षांत पार पुसली गेली. तिला सांभाळणारी नर्स भारी हुशार. तिने घरचा अल्बम हाताशी धरला. रोज सकाळी चहा झाला की एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून घोकून घेते, हे यजमान, हा मुलगा, ही सून. आता आईच्या डोक्यात जे काही उरलंय ते त्या अल्बममधलं. अल्बममध्ये नाही, तो जगात नाही.

मी अल्बममध्ये नाही. असणार कसा? कॅमेऱ्याला कुणाला हात लावू दिला असेल तर शपथ. वडील म्हणायचे, अरे, शेजारचा दाबेल की बटण, तू ये इकडे. मी म्हणायचो, तो सगळ्यांची मुंडकी उडवेल. मिजास माझी, दुसरं काय! भोगतोय आता.

धाकटा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. त्याच्यापुढे रडगाणं गायलो, तर म्हणे, दादा, नसणं हासुद्धा असण्याचाच एक प्रकार आहे. अशी तिडीक गेली डोक्यात! स्वतः पानोपानी दात काढून उभा आहे, आणि नसण्याचं कौतुक मला सांगतोय.

शेवटी मी मला येतं तेच केलं. आठवडाभर दुकानाचं शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरपुढे बसलो. लायसन्ससाठी तरुणपणी काढून घेतलेले माझे दोन-तीन फोटो होते, त्यातून तोंड घेतलं. अंग धाकट्याचंच घेतलं, शर्टाचा रंग तेवढा बदलला. उजेड जुळवला, सावली पाडली. मीच फसलो असतो, इतकं बेमालूम. सोळा फोटोंत आई-वडिलांच्या मधोमध उभा राहिलो आणि नर्सला म्हटलं, घोकून घ्या, हा थोरला.

पंधरा दिवसांनी मी स्वतः अल्बम घेऊन आईच्या पलंगावर बसलो. तिने चष्मा लावला. बोट फिरत फिरत माझ्यावर आलं.

"हा थोरला," ती म्हणाली.

डोळ्यांत पाणीच आलं. पाठ केलेलं असेना का, म्हणाली तरी. पण आईचं बोट तिथून हलेना. ती फोटोकडे बघतच राहिली.

"सगळे तर इथे आहेत. मग आम्ही बघतोय कुणाकडे?"

"फोटो काढणाऱ्याकडे."

आईचा चेहरा एकदम उजळला. कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

"फार हसवायचा हो तो. माझा भारी जीव त्याच्यावर. कुठे असतो आता?"

मला राहवलं नाही. तिचा हात धरला, म्हटलं, "आई, तो मीच. हा बघ ना, फोटोतला. हाच मी."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात सोडवून घेतला.

"काहीतरीच काय सांगता," ती म्हणाली. "तो कधी फोटोत यायचा नाही."