मत्स्यसरडीचं बाळंतपण

आमच्या श्टाइनरिंगन गावात रोझीनेबाईंच्या खानावळीत नेहमीच्या मंडळींचं एक टेबल आहे. तिथे हस्तांदोलन करत नाहीत. आलेल्या माणसाने बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकायचं, बसलेल्यांनी दोनदा ठोकून उत्तर द्यायचं. झालं स्वागत. यात वेळ वाचतो आणि कुणाचे हात धुतलेत याची चौकशी करावी लागत नाही.

टेबलाची फळी म्हणजे खाणीतली काळी पाटी, पाटीच्या दगडाची अख्खी लादी, उचलायला चांगली आठ माणसं लागतील एवढी. खाणवाल्या इमानुएलच्या आजोबांनी ती बसवली, गुळगुळीत बाजू वर करून.

या टेबलाशी जागा मिळायला डॉक्टर गोटहिल्फ रेम्पिस यांना एकोणीस वर्षं लागली. तशी घाईच झाली म्हणायची, कारण ते उत्तरेकडचे. तरुणपणी आमच्या डोंगराचा नकाशा काढायला आले आणि राहिले. खाणीत पाटी फुटली की कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री प्राणी निघायचे. डॉक्टर ते सुईने टोकरून मोकळे करायचे. त्यातल्या मत्स्यसरड्या, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या सरड्या, त्यांच्या विशेष जिव्हाळ्याच्या. काहींच्या पोटात लहान सांगाडे सापडत. डॉक्टरांनी लिहिलं, ही गर्भातली पिल्लं. ही जनावरं अंडी घालत नव्हती, बाळंत होत होती.

विद्यापीठातले प्रोफेसर फॉन ड्रेसेल म्हणाले, छे, आपल्याच जातीची खाल्लेली पिल्लं.

यावर तीस वर्षं वाद चालला. डॉक्टरांना विद्यापीठात जागा मिळाली नाही ती नाहीच. तालुक्याच्या शाळेत ते भूगोल शिकवत राहिले. आणि एका मार्चमध्ये प्रोफेसरांचं कार्ड आलं. तेव्हा टपाल मीच वाटायचो. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे ते डॉक्टरांपर्यंत पोचेतो गावाचं वाचून झालं होतं. ‘ऑक्टोबरच्या सभेनंतर माझा मोठा ग्रंथ छापायला जाईल. त्यात स्वजातिभक्षणाचा प्रश्न निकालात काढला आहे. आपला एक उल्लेख तळटीपेत आहे.’

“तळटीप म्हणजे काय हो?” रोझीनेबाईंनी विचारलं.

“पानाचं तळघर,” मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. “माझ्या सगळ्या आया राक्षसिणी ठरणार,” एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात आमचा बेकर वारला आणि डॉक्टर चुलीकडच्या कोपऱ्यातून त्याच्या खिडकीजवळच्या जागेवर सरकले. गुरुवारी ते आले, नव्या जागी उभं राहून दोनदा ठोकलं. आम्ही उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा ठोकलं. आम्हीही. अकरा वेळा झालं. रीत म्हणजे रीत, पण पेरं दुखायला लागली.

“आणखी किती जण आलेत तुमच्याबरोबर?” इमानुएलने विचारलं.

“इमानुएल, इथे वाजव. आता तिथे.”

इमानुएलने ठोकलं. चुलीकडच्या कोपऱ्यात टण् वाजायचं, खिडकीकडे डब्. त्याचा चेहरा उतरला. आत हाडं असली की पाटी अशी वाजते, हे त्याला पाळण्यात कळलेलं. आणि त्याचं अख्खं घराणं साठ वर्षं त्या पाटीवर कोपरं टेकून बसलेलं.

“टेबल उलटं करायचं,” डॉक्टर म्हणाले.

“माझं टेबल?” रोझीनेबाईंनी मसुराचं पातेलं खाली ठेवलं. “आणि आत काही नाही निघालं तर?”

“तर माझी खुर्ची काढून घ्या.”

एकोणीस वर्षांची खुर्ची! असली पैज आमच्याकडे शुद्धीत कुणी लावत नाही.

आठ जणांनी पाटी उलटी केली. खाली होता राखाडी, ओबडधोबड दगड.

“छान आहे,” इमानुएल म्हणाला. “अगदी दगडासारखा दिसतो.”

डॉक्टरांनी कोट काढला आणि सुई घेतली. तेवीस आठवडे ते शाळा सुटली की मागच्या गोठ्यात पाटीशी बसत. आम्ही तेवढे दिवस लाकडी टेबलावर ठोकलं. त्याबद्दल कुणी आमचे आभार मानले नाहीत. मे महिन्यात फासळ्या दिसल्या. जुलैत पोटातली दोन पिल्लं. डॉक्टर आणखी खचले. पोटातल्या पिल्लांवर प्रोफेसरांचं उत्तर छापील तयार होतं.

सप्टेंबरात तिसरं पिल्लू निघालं. डोकं आईच्या ओटीपोटात, शेपटी बाहेर.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. रोझीनेबाई हात पुसत आल्या, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांची चार बाळंतपणं झालेली.

“हे जेवण नव्हे,” त्या म्हणाल्या. “जेवण असं अख्खं बाहेर येत नाही. बिचारी. सुटका अगदी थोडक्यात राहिली हो.”

ऑक्टोबरात विद्यापीठातल्या सभेला पाटी बैलगाडीतून गेली. बरोबर आम्ही आठही जण गेलो. टेबल आमचं होतं. डॉक्टर सात मिनिटं बोलले, त्यातली तीन घसा साफ करण्यात गेली. शेवटी म्हणाले, “ही खात नव्हती. हिला मूल होत होतं.”

फॉन ड्रेसेल आपल्या बाकावरून खाली पाटीपाशी आले. भिंग काढलं. शेपटीपासून डोक्यापर्यंत गेले, डोक्यापासून शेपटीपर्यंत आले. मग भिंग खिशात ठेवलं, जागेवर जाऊन बसले आणि बाकावर पेरांनी दोनदा ठोकलं.

विद्वान लोक व्याख्यान आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत, बाक ठोकतात. हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? समोरच्याने ठोकलं, आम्ही मागच्या रांगेतून उत्तर दिलं. तेवढ्यात सगळ्या सभागृहाने ठोकलं. आम्ही उत्तर दिलं. त्यांना वाटलं, मागची मंडळी थांबायला तयार नाहीत, तेव्हा आपण तरी कसं थांबावं? छताची माती पडेपर्यंत हे चाललं. डॉक्टर चष्मा पुसत उभे होते. तो काही केल्या कोरडा होईना.

“कसं झालं?” बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

“वाईट नाही,” इमानुएल म्हणाला. आमच्या गावात याच्या वरचा शब्द नाही.

ग्रंथ छापायचा थांबला. तळटीप वर आली, तिचं पूर्ण प्रकरण झालं. सभेनंतरच्या गुरुवारी प्रोफेसर फॉन ड्रेसेल स्वतः खानावळीत आले, ते प्रसिद्ध टेबल कुठे होतं हे पाहायला. तिथे नवी पाटी बसली होती. त्यांनी अवघडून दोनदा ठोकलं. आम्ही छताकडे पाहिलं. खिडकीजवळून डॉक्टरांनी मात्र दोनदा ठोकून उत्तर दिलं, मग नाइलाजाने आम्हीही.

रोझीनेबाईंनी एक खुर्ची आणून दाराशी ठेवली.

“बसा, प्रोफेसर. एकोणीस वर्षांनी टेबलापाशी घेऊ.”