फिंटनच्या कोपऱ्यातलं स्टूल

मी स्टूल बोलतोय. बॉक्सिंगच्या रिंगणात दोन फेऱ्यांच्या मधे मिनिटभर खेळाडूला टेकायला देतात ना, तेच मी. तुम्हाला वाटेल, काय धीराचं लाकूड असेल! छे हो. मी जात्याच भित्रा. उभा जन्म ठोसाठोशीच्या जागी गेला, पण भीती काही मोडली नाही.

बर्मिंगहॅमला डिगबेथ भागात एका सुतारानं मला घडवलं. गोल लाकडी बैठक, चार लोखंडी पाय, पायांना रबरी टोप्या. मला वाटलं होतं, एखाद्या पबमध्ये जाईन, गप्पा ऐकेन, फार तर कुणी अंगावर बिअर सांडेल. नशीब बघा, गेलो चर्चच्या हॉलमधल्या बॉक्सिंग क्लबात. पहिल्याच संध्याकाळी अंगावर रक्ताचे थेंब पडले आणि वाटलं, चार पाय असून पळता येत नाही!

तिथे फिंटन ब्रॉडरिक माझ्यावर पहिल्यांदा बसला. आयर्लंडच्या मेयो परगण्यातून पोटापाण्यासाठी आलेला तरुण. दिवसा बांधकामावर जायचा, संध्याकाळी क्लबात यायचा. पुढे तो आयरिश मिडलवेट चॅम्पियन झाला. पेपरात छापून यायचं, ‘या माणसाला भीती ठाऊकच नाही.’ अहो, कसली न ठाऊक! बेल व्हायच्या आधी त्याच्या मांड्या अशा लटलट कापायच्या की माझे स्क्रू ढिले व्हायचे. हे मलाच कळायचं, कारण सामना कुठल्याही गावी असो, तो मला बरोबर न्यायचा आणि माझ्यावरच बसायचा. एकदा उठला की मात्र मागे बघायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, बर्मिंगहॅमचं स्टूल मराठी कसं बोलतं? ही सगळी मधुमतीची कृपा. ती इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात फिजिओ. आईवडील पुण्याहून येऊन स्थायिक झालेले. क्लबात पोरांचे दुखरे खांदे बघायला यायची, त्यातच फिंटनशी लग्न करून बसली. आणि मग त्याच्या कोपऱ्यातही उभी राहिली. या धंद्यात रिवाज असा की कोपऱ्यात एकानंच बोलायचं. बाकीच्यांनी पाणी द्यायचं, बर्फ लावायचा आणि तोंड बंद ठेवायचं. फिंटनच्या कोपऱ्यात बोलायची ती मधुमती, आणि बोलायची मराठीत, म्हणजे पलीकडच्या कोपऱ्याला काही कळायला नको. फिंटनलाही तिनं कामापुरते शब्द शिकवले होते, पण स्वतः तो इंग्रजीच बोलायचा.

“डावी हात वर! पोटात मार! मागे, मागे!” ती ओरडायची. तिची आई सुलक्षणाबाई प्रेक्षकांतून कपाळाला हात लावायच्या. “अगं, डावा हात! डावा!” दोन्हीकडून तेच ऐकून बिचारा फिंटन हात खाली घ्यायचा नाही.

मराठीतून आणखी एक गोष्ट चालायची, ती मला कधीच आवडली नाही. सामना जड गेला की डॉक्टर दोरांजवळ येऊन त्याला विचारायचे, “कितवी फेरी? आपण कुठल्या गावात आहोत?” फिंटन मान जराशी मागे झुकवायचा. मधुमती भुवईवरच्या जखमेत कापूस दाबता दाबता पुटपुटायची, “सातवी. ब्रिस्टल.” मग हा ठणठणीत इंग्रजीत सांगायचा, “सेव्हन्थ. ब्रिस्टल. आय ॲम ग्रँड, डॉक्टर.” ग्रँड म्हणजे आयरिश बोलीत झकास. डॉक्टर मान डोलावून खाली उतरायचे. दोघं डोळ्यांनी हसायची. मला मात्र प्रश्न पडायचा, ज्याला आपण कुठे आहोत तेही उमगत नाही, त्याला पुन्हा मार खायला पाठवायचं?

पुढे तो निवृत्त झाला आणि त्यानं आमचाच क्लब चालवायला घेतला. ते दिवस मजेत गेले. पोरं माझ्यावर चहाचे मग ठेवायची, कुणी उभं राहून दिव्याचा बल्ब बदलायचं. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा.

एका दुपारी हॉलमध्ये कुणी नव्हतं. फिंटन आत आला, मला रिंगणाच्या कोपऱ्यात ठेवलं, तोंडात दात वाचवायचं रबर घातलं आणि बसला. समोर बघत राहिला. त्याच्या मांड्या कापत होत्या, अगदी पूर्वीसारख्या. तो बेलची वाट बघत होता! कसली बेल आणि कुठला सामना? मला तर दरदरून घाम फुटला असता, लाकडाला फुटत नाही म्हणून.

मधुमती डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

“आज कुणाशी आहे?” त्यानं तिला विचारलं.

तिच्या हातातला डबा खाली पडला. त्या आवाजानं तो भानावर आला आणि हसला. म्हणाला, “गंमत केली गं.” ती हसली नाही.

आणि नेमकं त्याच महिन्यात आमंत्रण आलं. जुन्या चॅम्पियन लोकांची एक रात्र भरणार होती, फिंटननं आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी तीन फेऱ्या खेळायच्या. फक्त डॉक्टरांनी पास करायला हवं. फिंटन हरखून गेला. मधुमती मात्र भडकली.

“अजिबात नाही! हॉस्पिटलात मी रोज मार बसलेली डोकी बघते, फिंटन. अजून एक ठोसा बसला ना, तर तू आपल्या अन्वीला ओळखणार नाहीस.” अन्वी त्यांची मुलगी, एडिनबराला शिकते.

“एकदाच, मधू. मेयोहून माझी माणसं येणार आहेत. डॉक्टर विचारतील तेवढं सांग. पूर्वीसारखं.”

ती खूप वेळ रडली. तो तिचे हात धरून बसून राहिला, आणि शेवटी तिनं मान हलवली. ती होकाराची होती, मी पाहिली ना! तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

डॉक्टर क्लबातच तपासायला आले. तरुण, मृदू बोलणारे. फिंटन खुर्ची सोडून माझ्यावरच बसला. “बायको मागे उभी राहिली तर चालेल? सवय आहे मला,” तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, जरूर.

त्यांनी पाच शब्द सांगितले: पूल, लिंबू, कोट, घोडा, शिट्टी. “थोड्या वेळानं विचारीन हं.” मग डोळे बघितले, हातांची पकड बघितली, मेयोबद्दल गप्पा मारल्या. फिंटन अगदी रंगात आला होता. मीही क्षणभर विसरलो.

“आता ते शब्द सांगा बरं.”

“घोडा,” फिंटन म्हणाला. “घोडा... आणि...”

त्यानं मान जराशी मागे झुकवली.

मधुमतीला पाचही शब्द पाठ होते. मी तिचा श्वास ऐकत होतो. मनात म्हणत होतो, नको गं बाई, सांगू नकोस! फिंटनच्या मांड्या अशा कापायला लागल्या की मी लाकडी जमिनीवर खडखडायला लागलो.

“मधू,” तो कुजबुजला, “सांग ना.”

“नाही,” ती मराठीत म्हणाली. “नाही सांगणार.”

फिंटन ताडकन उठला. मी आडवा पडलो. लाल चेहऱ्यानं तो तरातरा दाराकडे गेला, दार उघडलं आणि तिथेच थबकला. ते सामानाच्या कपाटाचं दार होतं. आत झाडू, बादल्या आणि जुने ग्लोव्ह्ज. ज्या हॉलमध्ये त्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या हॉलमधून बाहेर कसं पडायचं ते त्याला कळेना. तो त्या बादल्यांकडे बघत राहिला. इतका घाबरलेला माणूस मी रिंगणातही पाहिला नव्हता.

मग तो हळूहळू परत आला. मला उचलून सरळ केलं आणि बसला.

“मधू,” तो म्हणाला, “मला भीती वाटते.”

चक्क मराठीत! हे वाक्य तिनं कोपऱ्यात कधी शिकवलं नव्हतं. घरात कधी, कुणाच्या तोंडून ऐकून मनात ठेवलं होतं कोण जाणे.

“काय म्हणाले ते?” डॉक्टरांनी विचारलं.

मधुमतीनं मागून त्याच्या छातीवर दोन्ही हात टाकले. “ही इज फ्रायटन्ड,” ती म्हणाली. “मी पण.”

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं आणि स्वतःची खुर्ची जवळ ओढली.

जुन्या चॅम्पियन लोकांची ती रात्र फिंटनशिवाय पार पडली. क्लबही आता दुसरे लोक चालवतात. मला मधुमतीनं घरी आणलं. मी स्वयंपाकघरात असतो, खिडकीपाशी. फिंटन सकाळी माझ्यावर बसून चहा घेतो. त्याला शब्द सापडला नाही की ती भाजी चिरता चिरता मोठ्यानं सांगते, “किल्ली, फिंटन. बुधवार. अन्वीचा फोन होता.” तो मान डोलावतो. कधी तिचंच नाव शोधत बसतो, तेव्हा मी जागच्या जागी गारठतो. ती तेही सांगते.

माझी बैठक आता चिरत चालली आहे. परवा अन्वी म्हणाली, “आई, हे जुनं स्टूल टाकून दे ना, बाबा पडतील.” तेव्हापासून मला झोप नाही. बायांनो, बाबांनो, माझी एवढीच विनवणी आहे. बैठक बदला, पायांना नव्या टोप्या घाला, हवं तर रंग लावा, पण मला टाकू नका. उद्या तो मला ओळखणार नाही, मला ठाऊक आहे. पण त्याच्या मांड्या कापायला लागल्या की त्याला टेकायला काहीतरी लागेलच ना.