मार्गदर्शकाची सही

चार जूनला सकाळी साडेदहा वाजता मी टेबलावर कापड कापत होतो. शाळेच्या पँटचं निळं कापड, साठ थर. शाळा उघडायला दहा-अकरा दिवस राहिले होते आणि आमच्या गणवेशाच्या कारखान्यात हेच दिवस सगळ्यात गर्दीचे असतात. मशीन चालू असताना फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केलेला आहे, कारण कटिंग मास्तर मी आहे. फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी मशीन थांबवली.

माझी मुलगी सिद्धेश्वरी बोलत होती.

"अप्पा, दवाखान्यात या. गाडी हळू चालवा."

"काय झालं?"

"हळू या, अप्पा."

ती दोनदा हळू म्हणाली तेव्हाच मला कळलं.

माझी बायको दाक्षायणी त्या दवाखान्यात चौदा वर्षं मावशी म्हणून कामाला होती. रुग्णांना पुसणं, कूस बदलणं, शौचाची भांडी देणं-उचलणं, चादरी बदलणं, ही तिची कामं. त्या दिवशी जिना चढताना ती मधेच पायरीवर बसली आणि परत उठली नाही. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर दहा पावलांवरच होते, पण काही करता आलं नाही.

मी पोचलो तेव्हा ती अकरा नंबरच्या कॉटवर होती. वॉर्डात कुणी गेलं की शेवटचं आवरायचं काम मावशीचंच असतं. अंग पुसायचं, डोळे मिटायचे, हातपाय सरळ करायचे, धुतलेली चादर घालायची. हे काम तिथं दाक्षायणीच करायची, दुसऱ्या मावश्या भीत असत. त्या दिवशी एक मावशी पुढं आली होती, पण सिद्धी तिला म्हणाली, "मी करते." माझ्या येण्याआधी तिनं सगळं केलं होतं. केस विंचरलेले होते. गळ्यातलं इष्टलिंग छातीवर बरोबर मधोमध ठेवलेलं होतं.

सिद्धी त्या वेळी तिथं कशी होती, ते सांगायला पाहिजे. ती एका कागदावर दवाखान्याचा शिक्का घ्यायला गेली होती.

सिद्धी बारावी सायन्स झाली. तिला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे, आणि ती जर्मनीत. तिथं एका कॉलेजात शिकता शिकता दवाखान्यात काम करायचं असतं आणि त्या कामाचा पगारही मिळतो, म्हणून आमच्यासारख्याला ते जमण्यासारखं आहे. ही माहिती दाक्षायणीनंच काढली. वॉर्डातल्या एका पेशंटची भाची तिकडं शिकत होती. दाक्षायणी घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आपली सिद्धी जाणार." दोन वर्षं सिद्धीनं उत्कर्षा मॅडमच्या क्लासला जर्मन भाषा केली. परीक्षा पास झाली. अर्जाची शेवटची तारीख पंधरा जुलै. बाकी सगळे कागद तयार होते. एकच राहिला होता. तीस दिवस वॉर्डात रुग्णांची काळजी घेण्याचा सराव केला, याचा तक्ता. रोजची तारीख, रोज काय केलं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मार्गदर्शकाची सही.

ते तीस दिवस तिनं मे महिन्यात आईच्या वॉर्डात केले. मायलेकी बरोबर जायच्या, बरोबर यायच्या. जेवताना सुद्धा त्यांचं तेच.

"उशी कशी काढली आज? मान न धरता?"

"धरली होती की, अव्वा."

"एका हातानं. मी बघितलं. दोन हातांनी धरायची. मान हाय ती, दुधी भोपळा न्हाय."

सातव्या दिवशी, आठ जूनच्या रविवारी दुपारी... नाही, सातवा नव्हे, पाचवा दिवस. त्या आठवड्यातले दिवस मला अजून नीट मोजता येत नाहीत. पाचव्या दिवशी उत्कर्षा मॅडम भेटायला आल्या. थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "विचारायची वेळ नाही ही, पण तारीख जवळ येतेय. तो तक्ता झाला का?"

सिद्धीनं कपाटातून तक्ता आणून दिला. मॅडमनी तो बघितला आणि एका सहीवर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची आहे? कानडीत आहे."

"अव्वाची," सिद्धी म्हणाली.

तीसच्या तीस सह्या दाक्षायणीच्या होत्या. ती अक्कलकोटच्या बाजूची, चार वर्ग शिकली, तेही कानडी शाळेत. सही कानडीतच करायची. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "इथं नोंदणी झालेल्या नर्सची सही लागते. मावशीची चालत नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा."

बारीक अक्षर जर्मनमध्ये होतं. सिद्धीला ते वाचता येत होतं. पण सही कोण करणार हा प्रश्न आमच्या घरात कधीच मिटला होता. पहिल्या दिवशी सिद्धीनं आईला विचारलं होतं, "अव्वा, मार्गदर्शकाची सही कुणाची घेऊ?" दाक्षायणी म्हणाली, "मार्गदर्शक म्हंजे शिकवणारा की. मी शिकवते, मीच करते." चौदा वर्षांत पगाराचं रजिस्टर सोडलं तर तिची सही कुणी मागितली नव्हती. रोज घरी आल्यावर ती हात धुवायची, पुसायची, पाटावर बसायची आणि सही करायची. पाच मिनिटं लागायची तिला. मी बघायचो. मला त्यात चूक दिसली नाही.

मॅडम म्हणाल्या, "यात अवघड काही नाही. कोरा तक्ता देते. त्याच तारखा घाला आणि सिस्टरची सही घ्या. सराव तर खरंच झालाय. अर्ध्या तासाचं काम आहे."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, फार पटलं. मी कोरे कागद घेतले, गाडी काढली आणि दवाखान्यात गेलो. वॉर्डच्या मुख्य नर्स वैष्णवी सिस्टर ड्यूटीवर होत्या. मी सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मास्तर, मला चाळीस पेशंट असतात. सिद्धीला मी शिकवलेलं नाही, मावशींनी शिकवलं. पण तुम्ही म्हणाल तिथं मी सही करते. मावशींसाठी करते."

मी खूश होऊन घरी आलो. सिद्धी भांडी घासत होती. मी सांगितलं, उद्या सकाळी सह्या मिळतील. तिनं हात पुसले नाहीत, तशीच उभी राहिली.

"मग अव्वानं मला काही शिकवलंच नाही असं होईल, अप्पा."

"कागदावर फक्त."

"तो कागदच जाणार हाय की तिकडं. मी तिकडं सांगायला नसणार."

"अगं, मग अर्ज राहील."

"राहणार नाही. तीस दिवस परत करीन. सिस्टर रोज बघतील आणि रोज सही करतील. मग ती सही खरी असेल."

मी खडूनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर हिशेब केला. नऊ जूनपासून एकही सुट्टी न घेता तीस दिवस म्हणजे आठ जुलै. मग तक्ता पुण्याला भाषांतराला, त्याला पाच दिवस. तेरा जुलै. एक दिवस ताप आला तर चालेल, दोन दिवस आला तर अवघड. आमच्या कामात थर चुकीचे लागले तर जोड देऊन भागत नाही. सगळं कापड उचलून परत अंथरावं लागतं. मला हे माहीत असून मी जोड द्यायला निघालो होतो.

मी म्हणालो, "उद्यापासून जा."

संध्याकाळी माझे थोरले भाऊ चन्नप्पा अण्णा आले. माझी सासू शिवबाई वळसंगच्या लेकीकडून आली होती, ती भिंतीला टेकून बसली होती. अण्णांना कळलं तसे ते तडकले.

"गुरप्पा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? रुद्रभूमीतली माती अजून ओली हाय. माणसं भेटायला येणार, आणि घरची पोरगी कुटं? तर दवाखान्यात भांडी उचलायला!"

"अण्णा, आपल्या लिंगायतांत सुतक नसतं. मठातले स्वामी परवाच म्हणाले."

"सुतक नसलं तरी लोक असतात की! अक्कलकोटहून पाहुणे येणार. त्यांच्याम्होरं कोण बसणार? तू जाणार कारखान्यात, ती जाणार वॉर्डात. घराला कुलूप लावा आणि दारावर पाटी लावा, रडायचं असेल तर रविवारी या."

बायकोशिवाय मला भावाला उत्तर द्यायची सवय नाही. ते काम ती करायची.

शिवबाई भिंतीपासून पुढं सरकली. ती म्हणाली, "चन्नप्पा, मी हाय की."

"अव्वा, तुमी दमलाय."

"दमले तर बसायलाच दमते व्हय? येणाऱ्याम्होरं मी बसते. लेक माझी गेली. रडायचं काम माझं हाय, पोरीचं न्हाय. तिला तिचं काम करू द्या." मग ती सिद्धीकडं वळली. "किती वाजता जायचं गं?"

"सातला, अज्जी."

"मग झोप लवकर. आणि डोक्याला तेल लाव. कशी दिसतीस, बघ."

अण्णा चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आली, डब्यात. डब्यावर काही निरोप नव्हता.

नऊ जूनला पावणेसातला मी सिद्धीला दवाखान्याच्या दारात सोडलं. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे. ती जिन्यापाशी गेली, थांबली आणि बाजूच्या उतारावरून, जिथून स्ट्रेचर नेतात तिथून, चालत वर गेली. मी खाली उभा होतो. ती वरून दिसल्यावर मी कामावर गेलो.

वैष्णवी सिस्टरनी सही फुकट दिली नाही. पहिल्या दिवशी एकच बिछाना तीनदा घालायला लावला. सिद्धी घरी येऊन सांगत होती, "म्हणाल्या, मावशीची पोरगी म्हणून मी सोडणार नाही. मावशीनं तुला हातानं शिकवलं, मी तोंडानं विचारणार. कूस दर दोन तासांनी का बदलायची, सांग." तिनं सांगितलं. मग सिस्टर म्हणाल्या, "जर्मनमध्ये सांग." सिद्धीनं तेही सांगितलं. सिस्टरना काही कळलं नाही, पण सही केली.

वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ आहेत, टेंभुर्णीचे, मांडीचं हाड मोडलेले. ते सिद्धीला जर्मनबाई म्हणतात.

"ए जर्मनबाई, तिकडं भाकरी मिळती का?"

"नाही मिळत, आज्जा."

"मग जातीस कशाला उपाशी मरायला?"

"कडक भाकरी नेणार की. महिनाभर टिकते."

"आणि महिन्यानं?"

"तुमी घेऊन या. तवर पाय बरा होईल."

ते इतके हसले की सिस्टर रागावल्या, हाडाला धक्का बसेल म्हणून.

सरावाच्या सहाव्या दिवशी सिद्धी जिन्यानं वर गेली. आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की त्या पायरीची कडा फुटलेली आहे, सिस्टरना सांगून दुरुस्त करायला लावली पाहिजे.

मी आता सकाळी पाचला उठतो. डबा करायला शिकलो. डाळ जमते, भाकरी अजून फाटते. सासू बसल्या जागेवरून सांगते, "पाणी गरम घे, जावई. कापडाला माप असतं, पिठालाही असतं की." ती वळसंगला परत जायचं नाव काढत नाही. आठ जुलैपर्यंत राहते म्हणाली. येणारी माणसं आता कमी झालीत, तरी ती दुपारी दाराजवळ बसून असते.

तक्त्यात कामांचे रकाने आहेत. अंग पुसणं, जेवण भरवणं, कूस बदलणं, बिछाना. सगळ्यात शेवटचा रकाना मृत्यूनंतरच्या काळजीचा. तो सक्तीचा नाही, केलं असेल तर लिहायचं. परवा सिस्टर सिद्धीला म्हणाल्या, "हा कोरा का? तू केलंयस. माझ्यासमोर केलंयस. माझ्या नोकरीत कुणी इतकं नीट केलेलं मी बघितलं नाही. तारीख टाक, मी सही करते."

सिद्धी म्हणाली, "ते सरावाचं नव्हतं, सिस्टर."

सिस्टरनी पेन खिशात ठेवलं.

हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्यासाठी ड्रेस कापत होतो. तिथल्या कॉलेजनं पाठवलेल्या फोटोत मुलींचे ड्रेस आहेत, पांढरे, खिसे दोन्ही बाजूंना. तिकडं ते देतात, मला माहीत आहे. तरी एक मी देणार. खिसा थोडा खोल ठेवलाय, दाक्षायणी नेहमी म्हणायची की नर्सच्या ड्रेसचा खिसा उथळ असतो आणि वाकलं की कात्री पडते.

जुना तक्ता, कानडी सह्यांचा, माझ्या कपाटात कटिंगच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यांच्या खाली सपाट ठेवलेला आहे. तो पाठवायचा नाही.

आज सत्तावीस जून. नव्या तक्त्यावर एकोणीस सह्या झाल्या. अकरा दिवस बाकी आहेत, दवाखान्याचा शिक्का बाकी आहे, पुण्याचं भाषांतर बाकी आहे, आणि अर्ज अजून गेलेला नाही.